पाहुण्यांचा विसावा आणि आमचा आइतवार

निंबोणी (धागाकर्ती)

मंडळी, सलाम.

गेल्या जानेवारीत आमच्या गावात अमेरिकेहून सात जण आले होते. ओहायो राज्यातल्या एका चर्चची माणसं, दहा दिवसांची मिशन ट्रिप. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कळंब आणि बाभुळगावच्या मधलं. काम म्हणजे मुलींच्या जुन्या वसतिगृहाला आतून रंग, खिडक्यांना डासांच्या जाळ्या आणि मोडक्या बाकांची डागडुजी. मी दुभाषी. माझं इंग्रजी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवण्यापुरतं, पण गावात त्याहून बरं कोणाचं नाही.

येण्याआधी त्यांनी कार्यक्रमाचा कागद पाठवला होता. सोमवार ते शुक्रवार सकाळी आठपासून कामं भरगच्च. शनिवार-रविवारच्या चौकटीत फक्त दोन शब्द: विश्रांती, उपासना. मी मोठ्यानं वाचून दाखवलं तर काकू म्हणाली, "उपासना समजली. पण विश्रांतीत त्याइले करू काय द्याचं?"

प्रश्न खरा होता. आमच्याकडे पाहुणा रिकामा बसलेला दिसला की घरातल्यांना अपराध्यासारखं वाटतं. शनिवारी सकाळी सात वाजताच पहिलं आवतन आलं, 'चहाले या.' साडेअकरापर्यंत त्या सात जणांनी अकरा घरी चहा घेतला, तीन घरी तर्री-पोहे, एका घरी तिळगुळाची पोळी, कारण संक्रांत नुकतीच झाली होती. त्यांच्यातले सुतारकाम करणारे एक आजोबा (वय अडुसष्ट) मला हळूच म्हणाले, काल रंग देताना एवढा दमलो नव्हतो.

दुपारी त्यांना सेवाग्रामला घेऊन गेलो. गाडीनं सव्वा तास. मला वाटलं होतं, परदेशी माणसं आहेत, फोटो काढतील आणि निघतील. तसं झालं नाही. आश्रमातला साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा पाहून हसले, १९३६ साली बापूंनी लावलेल्या पिंपळाखाली बसले आणि बसूनच राहिले. सुतार आजोबा मात्र परचुरे कुटीपाशी थांबले होते. परचुरे शास्त्रींना महारोग होता आणि गांधीजी स्वतः त्यांची सेवा करत, त्यांच्या अंगाला मालिश करत, हे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नंतर भिंतीच्या कुडावरून हात फिरवत मातीत काय मिसळलंय ते विचारत होते, म्हणजे सुतार तो सुतारच. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत हे सांगितल्यावर त्यांच्यातली एक तरुण मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांचा आठवड्याचा विसावा सोमवारी होता." मला हे कधी सुचलंच नव्हतं. मौन म्हणजे व्रत, तप असंच आमच्या डोक्यात. संध्याकाळच्या सर्वधर्म प्रार्थनेला बसूनच परत निघालो.

आता रविवार. इथे जरा गंमत झाली.

त्यांच्या पद्धतीनुसार ट्रिपला आलेले लोक उपासनेत उभे राहून साक्ष देतात, दोन शब्द बोलतात. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं: तुमचा व्हिसा पर्यटकाचा आहे. उपासनेला बसा, गाणी ऐका, प्रार्थना करा. बोलायचं मात्र नाही, काही वाटायचंही नाही. पाळकसाहेब नियमाचे पक्के. सातही जणांचा फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची सरकारी नोंद, त्यांनी वसतिगृहाच्या गच्चीवर चढून, मोबाईलला रेंज शोधत, चोवीस तासांच्या आत भरला होता.

म्हणून त्या रविवारी हे सात जण आमच्यासारखेच सतरंजीवर बसले. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, चपला बाहेर. दहाची उपासना पावणेअकराला सुरू झाली. हार्मोनियम, ढोलक, टाळ, आमचं गीतांचं पुस्तक 'उपासना संगीत'. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. आठ हजार मैलांवरून 'सेवा करायला' आलेल्या माणसाला मांडी घालून गप्प बसायची सवय नसते. पहिला अर्धा तास ते अस्वस्थ होते, पाय बदलत होते. मग कुठेतरी सैलावले. एक बाई तर प्रवचनात चक्क झोपल्या. आमच्या आजीनं त्यांच्या डोक्याखाली आपली पिशवी सरकवली.

पाळकसाहेबांनी वचन घेतलं होतं बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातला पाचवा अध्याय, शब्बाथाची म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा. सातव्या दिवशी तू काम करायचं नाहीस, तुझ्या मुलानं नाही, मुलीनं नाही, दासानं नाही, दासीनं नाही, बैलानं नाही, गाढवानं नाही आणि तुझ्या वेशीच्या आतल्या उपरी माणसानंही नाही. 'उपरी' म्हणताना त्यांनी पाहुण्यांकडे हात केला आणि सगळे हसले.

आता माझी खंत. त्या उपासनेला आमच्या मंडळीतल्या निम्म्या बाया नव्हत्या. त्या कापूस वेचायला गेल्या होत्या. शेवटचा वेचा, दहा रुपये किलो, आणि मालकाला रविवार-सोमवार काही नसतं. आमच्याकडे सुट्टी असते ती बाजाराच्या दिवशी, बुधवारी, कारण त्या दिवशी मजुरीचा चुकारा होतो. म्हणून वेचणीच्या दिवसांत पाळकसाहेब रविवारी संध्याकाळी सातला एका घरी दुसरी उपासना घेतात.

पाहुण्यांना मी म्हटलं, तुम्ही आराम करा, सकाळची झालीच आहे. तरी चौघं आले. लाइट गेलेली. बाया दिवसभर वाकून आलेल्या, बोटं बोंडाच्या नख्यांनी ओरबाडलेली. आजीनं एका पाहुणीचे हात कंदिलाशी धरले. तिच्या तळव्यांना रंगाच्या ब्रशनं फोड आले होते. आजी हसली, "एवढ्याशा रंगानं हात फुटले वं बाई तुये?" आणि स्वतःसाठी कोमट केलेलं खोबरेल तिच्या हाताला चोळलं. मी भाषांतर करायला गेले तर ती मुलगी म्हणाली, नको, समजलं.

तर मंडळी, तुमच्याकडे रविवार कसा पाळतात? आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना 'विश्रांती' कशी देतात?

---

रोखठोक_राव

लेख छान आहे, पण नाव बदलून काय उपयोग? मिशन ट्रिप म्हणजे धर्मांतर. रंग देणं, जाळ्या बसवणं ही दाखवायची कामं. आणि पर्यटक व्हिसावर काम करता येतं का हो?

---

निंबोणी

रावसाहेब, प्रश्न योग्य आहे, म्हणून नीट उत्तर देते. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला देवळात, मशिदीत, चर्चमध्ये जाता येतं, उपासनेला हजर राहता येतं. प्रवचन करता येत नाही, धर्माची पत्रकं वाटता येत नाहीत, धर्मांतर घडवायचा प्रयत्न करता येत नाही. मिशनरी म्हणून काम करायचं तर त्याचा व्हिसा वेगळा. आणि बिनपैशाचं, महिनाभराच्या आतलं स्वयंसेवेचं काम पर्यटकाला चालतं. पाळकसाहेबांनी हे सगळं छापून भिंतीला लावलं होतं.

बाकी आमच्या घरात ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. ओहायोवाले आले काय, न आले काय.

---

कपाशीवाला

मी हिंदू माणूस, पण ते बैलाचं वाचून राहवलं नाही गेलं. अहो, हे तर आपल्या पोळ्यासारखंच झालं! पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी, बैलाच्या खांद्याले हळद-लोणी लावून शेकाचं आणि कानात सांगाचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या दिवशी जू ठेवाचं नाही, चाबूक मारला तं बाप मारे. फरक येवढाच का तुमचा शब्बाथ दर आठोड्याले, आमच्या बैलाचा वर्षातून एकदा.

आन आता तं बैलच नाही राहिले. ट्रॅक्टरले काय आवतन देता.

एक मात्र सांगतो, ताई. मी बी आइतवारी वेचणी करतो. कापूस झाडावर ठेवला आन अवकाळी आला तं भिजते, पिवळा पडते, व्यापारी भाव पाडते. मालक वाईट असते असं नाही. त्याले बी आभायाकडं पाहा लागते.

---

निंबोणी

भाऊ, मान्य. माझ्या वडिलांचीही तीन एकर आहे. मीही शाळेला सुट्टी म्हणून रविवारी वेचायला गेलेली आहे.

---

जुना_दीनबंधू

या धाग्यावर रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव अजून आलं नाही याचं नवल वाटलं. आपल्याला रविवारची सुट्टी 'इंग्रजांनी दिली' असं सर्रास म्हणतात. साहेबाच्या कचेरीपुरतं ते ठीक. गिरणीतल्या कामगाराला मात्र ती लढून मिळाली. जोतीरावांचे सहकारी असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आता धागाकर्तीच्या मुद्द्याकडे. गिरणीत सूत कातणाऱ्याला रविवार मिळाला. त्या गिरणीला लागणारा कापूस वऱ्हाडातून जायचा, आणि तो वेचणारीला १८९० मध्ये मिळाला नव्हता तसा आजही नाही. नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून होती, म्हणजे गिरणी आणि कपाशीचं शेत यांच्यात अंतर फार नव्हतंच.

आणखी मागे जायचं तर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा इ.स. ३२१ चा हुकूम पाहा. शहरातल्या न्यायाधीशांनी, रहिवाशांनी, कारागिरांनी सूर्यवारी काम बंद ठेवावं, असं त्यात आहे. पण खेड्यात शेती करणाऱ्यांना सूट, पेरणीची किंवा वेलींची योग्य वेळ हुकू नये म्हणून. म्हणजे कपाशीवाल्यांचं आभाळाकडे पाहणं सम्राटालाही ठाऊक होतं. रविवार पहिल्यापासूनच शहरी आहे.

---

कोकणची_माय

विषयाला थोडा फाटा. आमच्या अलिबागकडे बेने इस्रायली लोकांना 'शनवार तेली' म्हणत. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावाला ज्यू धर्म म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण शनिवारी तेल मिळत नाही हे पक्कं ठाऊक होतं. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. ख्रिस्ती मंडळींनी येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला. ख्रिस्ती लोकांतले सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मात्र अजून शनिवारच पाळतात.

माणूस कोणत्या देवाचा हे शेजाऱ्यांना तो काय करतो यापेक्षा कधी करत नाही यावरून कळायचं, मला हे फार आवडतं.

---

डेट्रॉइटचा_नागपूरकर

मी गेली बावीस वर्षं इकडे. बायकोच्या चर्चबरोबर एकदा अशाच ट्रिपवर ग्वाटेमालाला गेलो होतो. पाहुण्यांच्या बाजूनं लिहितो.

या ट्रिपा स्वस्त नसतात. लोक वर्षभर केक विकतात, गाड्या धुतात, नातेवाइकांना पत्रं लिहून पैसे जमवतात. एवढं करून गेल्यावर एक दिवस नुसतं बसायचं म्हणजे मनाला खातं. 'लोकांनी मला बसायला पैसे दिले का?' असं वाटतं. म्हणून त्या कागदावर 'विश्रांती' असं ठळक छापावं लागतं, नाहीतर चौथ्या दिवसापासून माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात, पोट बिघडतं, रडारड होते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू दमलेल्या शिष्यांना एकांती चला आणि थोडा विसावा घ्या म्हणतो, ते वचन आमच्या गटप्रमुखांनी शनिवारी वाचलं होतं. गंमत म्हणजे तिथेही पुढे लोक गर्दी करून येतातच आणि पाच हजारांच्या जेवणाची सोय करावी लागते!

प्रामाणिकपणे एक कबुली. ग्वाटेमालात आम्ही रंगवलेली भिंत पुढच्या वर्षी दुसऱ्या गटानं पुन्हा रंगवली असं नंतर कळलं. भिंतीला गरज नव्हती, आम्हाला होती. तुमच्या पाळकसाहेबांनी त्यांना बोलू दिलं नाही, हे त्यांच्यासाठी फार चांगलं झालं असं माझं मत.

---

रोखठोक_राव

डेट्रॉइटकर, हे बाकी खरं बोललात. निंबोणीताई, वसतिगृहाला रंग गावातल्या पोरांकडून देऊन घेतला असता तर त्यांच्या हाताला काम मिळालं नसतं का?

---

निंबोणी

मिळालं असतं. हा प्रश्न आमच्या समितीतही निघाला होता. शेवटी गावातले दोन रंगारी मजुरीवर घेतले आणि पाहुणे त्यांच्या हाताखाली. रंगाऱ्यांनी त्यांना दोनदा पोपडे परत खरवडायला लावले.

---

बोर्डिंगचा_पोरगा

मी मिशन बोर्डिंगात शिकलेला, आता निवृत्त. विसावा हा शब्द वाचून चिखलदरा आठवला.

वऱ्हाडातले जुने मिशनरी मे महिन्यात चिखलदऱ्याला जायचे. खाली अचलपूर-परतवाड्याला आग ओकणारा उन्हाळा, वर गारवा, कॉफीची झाडं. तिकडे त्यांची प्रार्थना, अभ्यास, विश्रांती. काही वाईट नाही त्यात, उन्हानं आणि तापानं कितीतरी गोरी माणसं आणि त्यांची लेकरं इथेच पुरली गेली. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले, अठरा वर्षं राबले आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळ, दगडांची पुराणी वर्तुळं पाहून परतताना, रात्री नाल्याच्या पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, सर्वांना ठाऊक आहे.

पण माझे आजोबा एका साहेबाकडे स्वयंपाकी होते. ते चिखलदऱ्याला सोबत जायचे. साहेबाचा विसावा म्हणजे आजोबांना पहाटे चारला चूल, कारण थंड हवेत भूक जास्त लागते! ते म्हणायचे, "साहेब देवाशी बोले तवा मी कांदा कापो."

म्हणून निंबोणीताई, एक विचारतो, रागावू नका. त्या शनिवारी-रविवारी तुमच्या पाहुण्यांचा स्वयंपाक कोणी केला?

---

निंबोणी

काका, रागावले नाही. दोन दिवस उत्तर लिहायला धजले नाही, एवढंच.

स्वयंपाक आईनं, काकूनं आणि शेजारच्या दोघींनी केला. शनिवारी सकाळी दशम्या, दुपारचा डबा, रात्री वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या. रविवारी कोंबडी. सकाळच्या उपासनेला आई अगदी शेवटी, आशीर्वचनाच्या वेळी पोचली, पदराला हात पुसत. मी तिला पाहिलं होतं, आणि तरी वरच्या लेखात वेचणीच्या बायांबद्दल लिहिलं, आईबद्दल नाही. माझ्या डोळ्यांना ती दिसलीच नाही.

तुमची पोस्ट मी घरी वाचून दाखवली. काकूनं पवित्र शास्त्र काढलं आणि अनुवादातली ती यादी बोटानं मोजली. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर जनावरं, उपरी. मग चष्मा काढून म्हणाली, "यात बायको कुठं हाय?"

नाहीच आहे. पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, आज्ञेतल्या 'तू' मध्ये ती आली. काकू म्हणाली, तुमच्या तूमध्ये आम्ही रोजच येतो, सैपाकही त्याच तूमध्ये येतो का, ते सांगा.

---

कपाशीवाला

काकूले माझा रामराम सांगजा!

---

डेट्रॉइटचा_नागपूरकर

काकूंना इकडच्या एखाद्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) बोलवायला हवं.

---

जुना_दीनबंधू

सेमिनरीसाठी डेट्रॉइटपर्यंत जायला नको, तुमच्या यवतमाळातच होती. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ला तिथे सुरू झाली आणि १९८३ ला पुण्याला गेली. काकूंनी ती थोडक्यात चुकवली.

---

मेळघाटी

आमच्याकडे कोरकू गावांत पाहुण्यासाठी वेगळं काही करत नाहीत. जे घरात शिजतं ते, आणि खाट अंगणात. परदेशी पाहुण्याला आपण नेमकं त्याच्या विश्रांतीच्या दिवशी कोंबडी का खिलवतो? खिचडी दिली असती तर त्यांचं पोटही सुखी आणि आईंचं कंबरडंही.

---

निंबोणी

मेळघाटी, तुम्ही म्हणता ते आईलाही पटलं. पण 'पाहुण्याले खिचडी' हे शब्द तिच्या तोंडून अजून निघत नाहीत.

धाग्याची थोडी पुढची गोष्ट सांगते. फेब्रुवारीत नागपूरहून आमच्या मंडळीच्या पाहुण्यांचा एक लहान गट आला, देशीच. रविवारचं जेवण पुरुषांनी करायचं ठरलं. इथले पुरुष स्वयंपाक करत नाहीत असं कोणी म्हणू नये. शेतात महाप्रसादाला रोडगे तेच लावतात, तेव्हा कोणाच्या मर्दानगीला धक्का बसत नाही. चर्चच्या मागे गोवऱ्यांचा जगरा पेटवला, दुपारी बारापर्यंत रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. धूर खिडकीतून आत, प्रवचनभर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. पाळकसाहेब म्हणाले, आज पहिल्यांदाच माझ्या प्रवचनाला एवढी माणसं रडली.

वेचणी संपली होती, म्हणून बायाही होत्या. आई पहिल्या गाण्यापासून बसली होती. पण सारखी मागे वळून धुराकडे बघत होती. जेवताना म्हणाली, वरणात मीठ कमी हाय. दोन वाट्या घेतलं मात्र.

---

कोकणची_माय

रोडग्याचं पीठ कसं घेता? नुसती कणीक की रवाळ गहू? आणि गोवऱ्या नसतील तर ओव्हनमध्ये जमेल का?

---

कपाशीवाला

जाडसर दळलेला गहू, त्यात मोहन, ओवा, मीठ. ओव्हनमधी होईन, पण त्याले रोडगा म्हनू नका.